रेघेबाहेरचे दोन मिलिमीटर

राघू, आमच्या अप्पांची शिंपीकामाच्या खडूची डबी परवा माझ्याकडे परत आली. सुधावहिनींनीच दिली. तुझा तेरावा होऊन चार दिवस झाले होते. आमच्याकडून नेलेली मोठी पातेली परत आणायला मी अग्रहारात तुमच्या घरी गेलो होतो. निघताना वहिनी आतून ती चपटी पत्र्याची डबी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमच्याकडचं आहे, घेऊन जा." मला वाटलं, घर आवरायला काढलंय. डबी पिशवीत टाकली आणि रिक्षा केली.

ती उघडली नसती तर बरं झालं असतं. मी हे रागाने लिहितोय आणि राग तुझ्यावर आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, हे मला कळतं. तुझ्या पॉलिटेक्निकमधल्या लोकांनी तसं लिहिलंय, हार घातलेल्या फोटोखाली. विद्यार्थ्यांचे लाडके सर, शांत, मितभाषी. मितभाषी म्हणे! त्यांना एखाद्या रविवारी येलवालला माझ्या शेडमध्ये आणून बसवायला हवं होतं. चार बोटं लांबीच्या लोखंडाच्या तुकड्यावरून हा मितभाषी माणूस सकाळपासून जेवणापर्यंत कसा भांडतो ते त्यांनी ऐकलं असतं.

हुणसूर रस्त्याला लागून माझं ते वर्कशॉप. आठवडाभर लोकांच्या इंजिनांचं बोअरिंग, म्हणजे सिलिंडर मापात कापून देणं, आणि रविवारी आपली गाडी. आपली म्हणजे तुझी आणि माझी, निम्मी-निम्मी. चार सिलिंडरची जुनी साधी मोटार, तिला आपण हौसेने टर्बो बसवलेला. वर्षातून दोनदा ती शर्यतीच्या धावपट्टीवर सरळ पळायची आणि आपण दोघं पन्नाशीला टेकलेले बाप्ये बाजूला उभे राहून पोरांसारखे ओरडायचो. तुझ्या डब्यातले चिंचेचे पोहे, तुमचा तो गोज्जवलक्की, मी संपवायचो आणि तू माझ्या ग्लासातला चहा. त्या दिवसांत मला काही कमी नव्हतं, एवढं सांगतो आणि पुढे जातो, नाहीतर राग निघून जाईल.

भांडण कशावरून, तर आपल्याला इंजिनातून आणखी ताकद हवी होती आणि वाटा दोन होत्या. तुझी वाट स्ट्रोकरची. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मूळ लोखंडी अंग. ते तसंच ठेवायचं आणि आत लांब हाताचा क्रँक बसवायचा, म्हणजे पिस्टन जास्त खाली जातो, दर खेपेला जास्त हवा आत घेतो आणि टर्बोसुद्धा लवकर जागा होतो. माझी वाट अशी, की जुना ब्लॉक बाजूला ठेवायचा आणि शर्यतीसाठीच ओतलेला, जाड भिंतींचा नवा ब्लॉक बाहेरून मागवायचा. टर्बो म्हणजे हवा कोंबणं. कोंबायचं तर भांडं भक्कम हवं, एवढं साधं माझं म्हणणं होतं.

"राघू, ही भिंत पातळ आहे रे. दाब सोसायची नाही."

"दाब कमीच ठेवायचा कणो पांडू. पोट मोठं केलं की कमी दाबात भागतंय की."

"मग नव्या ब्लॉकमध्ये लांब क्रँक घाल. दोन्ही होऊ दे."

"आणि आपण काय केलं मग? पार्सल उघडलं?"

मग तू शेडच्या जमिनीवर उकिडवा बसून आकडे मांडायचास. पिस्टनचा वेग, भिंतीवर पडणारा आडवा रेटा, कुठे किती लोखंड उरतं. मला त्यातलं निम्मं कळायचं, आणि निम्मंच कळतंय हे तुला कळायचं. आणि मी तरीही हेका सोडला नाही की तुझं ठेवणीतलं बाहेर यायचं. "काय रे टेलर, तुमच्या अप्पांनी जन्मभर मोठ्यांचे कोट उसवून लहानांना बसवले. त्यांचा मुलगा नवं कापड मागतोय?" हे बोलणं मला लागायचं. लागतं हे तुला माहीत होतं आणि म्हणूनच तू बोलायचास. दोन वर्षं असं चाललं. शेवटी मी हो म्हणालो ते पटलं म्हणून नाही, कंटाळलो म्हणून.

अप्पांचं नाव मध्ये आणायचा तुला हक्कच होता म्हणा. शेवटच्या वर्षांत त्यांना सुईचं नाक दिसत नव्हतं, पण काम सोडवत नव्हतं. तू दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर आमच्या दुकानात यायचास आणि डझनभर सुयांत दोरे ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवायचास, काळे एका बाजूला, पांढरे एका बाजूला. अप्पांचा आठवडा त्यावर निघायचा. मी, सख्खा मुलगा, येलवालला लोखंड कापत बसलेला असायचो. म्हणून जाताना त्यांनी खडूची डबी तुला दिली, मला दिली नाही. तेव्हा मी हसून घेतलं. आता सांगतो, मला वाईट वाटलं होतं.

त्याच डबीतल्या खडूने तू ती रेघ मारलीस.

लांब क्रँक बसवला की त्याचा दांडा फिरताना सिलिंडरच्या तळाला घासतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या खालच्या काठाला एक खाच घासून करावी लागते, दांडा जाईल एवढीच. त्या खाचेच्या जरा वरूनच भिंतीमागे पाण्याची जागा सुरू होते. तू चार दिवस गणित केलंस. मग आमच्या दुकानातल्या पिवळ्या कागदावर, अप्पा बाह्या-कॉलरचे नमुने कापायचे त्याच कागदावर, खाचेचा नमुना कापलास आणि तो चारही सिलिंडरांत धरून भोवती खडूची रेघ ओढलीस. मला म्हणालास, "रेघेपर्यंत. पुढं नको. वर पाणी आहे."

"कळलं रे," मी म्हणालो. पस्तीस वर्षं लोखंड कापणाऱ्याला तू रेघ शिकवणार!

दुसऱ्या दिवशी तुला परीक्षेची ड्यूटी होती. मी एकट्याने ग्राइंडर धरला आणि जेवायच्या आत चारही खाचा केल्या. संध्याकाळी तू आलास. बाकी सगळं तू तपासलंस, नटबोल्ट, बेअरिंग, पिस्टनच्या कड्या, सगळं तीन-तीनदा. खाचांवरून नुसतं बोट फिरवलंस. "पांडूने केलंय ना, मग झालं," म्हणालास. त्या वाक्याने मला किती बरं वाटलं होतं! नमुना लावून बघितला असतास तर पाच मिनिटं लागली असती.

गाडी पहिल्या धावेत सुटली ती आपण दोघांनी जन्मात पाहिली नव्हती अशी. तू माझा दंड धरला होतास, वळ उठला होता. दुसऱ्या धावेत अर्ध्यावर पांढरा धूर आला. उघडून पाहिलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीला उभी भेग, तळापासून वर गेलेली, आणि तेलात पाणी.

खोटं कशाला बोलू, सगळ्यांत आधी मला समाधान वाटलं. दोन वर्षं तू माझं ऐकलं नव्हतंस. मी तिथेच भेगेचा फोटो काढला आणि आपल्या शर्यतवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पातळ भिंतीत टर्बो कोंबू नका म्हणून कोण सांगत होतं ते सरांना विचारा.' पोरांनी हसून धुमाकूळ घातला. तू तासाभराने लिहिलंस, 'पांडू बरोबर होता. निर्णय माझा होता, चूक माझी.' समोर भेटलास तेव्हा हात झटकून म्हणालास, "होगली बिडो." जाऊ दे म्हणालास आणि खरंच जाऊ दिलंस. पुन्हा रविवारी आला नाहीस.

म्हणजे एकदा आलास. आठवड्याभराने, मी हुणसूरला गेलो होतो तेव्हा. शेजारच्या वेल्डरने सांगितलं, "सर बंदिद्रु, येऊन गेले, अर्धा तास होते, चहा पण नको म्हणाले." मला वाटलं, लाडक्या ब्लॉकचं शेवटचं दर्शन घ्यायला आला असेल. वेल्डरला मी तसं म्हणालोही आणि आम्ही दोघं हसलो.

त्यानंतर अकरा महिने. तू फोन केला नाहीस, मी केला नाही. गोकुळाष्टमीला वहिनींनी चकल्या पाठवल्या, मी दिवाळीला चिवडा पाठवला, भांडं घासून परत आलं. तू रुसलायस असं मी धरून चाललो. हरलेला माणूस रुसतो, त्याला वेळ द्यावा, असं मोठ्या मनाने म्हणत होतो. आणि तुझा ब्लॉक? तो मी शेडच्या दारातच उलटा ठेवला, वर फळी टाकली, त्याचा चहाचा टेबल केला. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गोष्ट सांगायचो. हट्टी लेक्चररची गोष्ट. लोकांना आवडायची. मी ती दर वेळी थोडी वाढवून सांगायचो.

मग त्या गुरुवारी सकाळी फोन आला आणि मी पोचेपर्यंत तू नव्हतास. तुझ्याशी समेट करायचा राहून गेला याचं मला रडू आलं, राघू. मी तुला माफ करणार होतो! हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात शब्द तोच होता.

तुझ्या अस्थी घेऊन आम्ही नरसीपूरच्या संगमावर गेलो. गाडी मी चालवत होतो, वहिनी पुढे बसल्या होत्या, मांडीवर मडकं. मागे तुझा मेव्हणा आणि कॉलेजचे दोघं. सोसले गावच्या मठात थांबून पुढे निघालो, तर त्यांतला एक म्हणाला, सरांची एखादी आठवण सांगा. मी ब्लॉकची सांगितली. प्रेमाने सांगितली, शपथेवर सांगतो, तुझी नक्कल करून सांगितली. "पार्सल उघडलं?" म्हणताना सगळे हसले. मी शेवट नेहमीसारखाच केला: मी सांगत होतो, त्याने ऐकलं नाही. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. उसाचे मळे होते दोन्ही बाजूंना. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

आणि परवा रात्री पोळी खाऊन झाल्यावर ती डबी उघडली. वर खडूचे झिजलेले तुकडे, निळे, पांढरे. खाली घडी घातलेला पिवळा कागद. आपला नमुना. त्याच्या कडेबाहेर, चारही बाजूंनी, पेन्सिलीने ओढलेली दुसरी रेघ. शेजारी तुझं बारीक अक्षर: 'चारही खाचा २ मि.मी. बाहेर. ३ ची भेग इथून.' आणि बाण. त्याखाली एकच शब्द, 'पांडूला'. पुढे कोरं.

सकाळी आठला मी शेड उघडलं. फळी बाजूला केली, उलट्या ब्लॉकमध्ये हात घातला आणि तिसऱ्या खाचेवर कागद धरला. तुझी पेन्सिल खाचेला तंतोतंत बसली. भेग बाणाच्या टोकापासून निघाली होती. दुसऱ्या खाचेवर धरला, पहिल्या, चौथ्या. सगळीकडे दोन मिलिमीटर. न चुकता, सारखे, चारही बाजूंनी.

आणि ते दोन मिलिमीटर कुठून आले तेही मला उभ्या जागी कळलं. मी सात वर्षांचा असताना अप्पांनी माझ्या हातात कात्री दिली. खडूची रेघ शिलाईची, कात्री रेघेच्या बाहेरून चालवायची, शिलाईसाठी कापड राखायचं. रेघेवर कापलं की हातावर लाकडी पट्टी बसायची. यंत्रावर काम करताना मी आकडा बघतो, रेघ बघतच नाही. पण त्या दिवशी हातात मोकळा ग्राइंडर होता आणि समोर अप्पांच्या खडूची रेघ होती. हात आपोआप बाहेरून गेला. कापडात बाहेरून गेलं की जास्त उरतं. भोकात बाहेरून गेलं की तेवढं लोखंड जातं. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या माणसाने ही चूक केली नसती. तू बामणाचा, तुझ्या लेखी रेघ म्हणजे रेघ. तू तो कागद खाचेवर धरलास तेव्हा तुलाही लगेच कळलं असणार, अप्पांच्या शेजारी बसून सुया ओवताना तू शंभरदा पाहिलं होतंस.

मग बोलला का नाहीस?

मला उत्तर हवंय. मी तुला ग्रुपवर हसं केलं, तू कागद घडी करून डबीत ठेवलास. मी गावभर तुझी गोष्ट सांगत फिरलो, तू परीक्षेचे पेपर तपासत बसलास. हा मोठेपणा नाही, राघू. आपण तीस वर्षं भांडलो ते बरोबरीचे म्हणून. तू येऊन शेडच्या दारात उभा राहून "ए टेलर, हे बघ काय करून ठेवलंयस" म्हणाला असतास, तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस तोंड दाखवलं नसतं आणि तिसऱ्या दिवशी आपण दुसरा ब्लॉक शोधायला निघालो असतो. तू मला तेवढंही समजलास नाही. तू मला सांभाळून घेतलंस. सांभाळून आजाऱ्याला घेतात.

आणि आपलं भांडण? ते तर तसंच राहिलं. रेघेच्या आत घासलं असतं तर तुझी ती भिंत टिकली असती का? माझा जाड ब्लॉक खरंच लागत होता का? कुणाला माहीत. तू जिंकलास असंही मला म्हणता येत नाही. माझ्या हाताने मी प्रश्नच फोडून टाकला.

मी शेडला कुलूप लावलं आणि तडक अग्रहारात आलो. वहिनी तुझे शर्ट घड्या घालून खुर्चीवर रचत होत्या. मी कागद पुढे केला. "वहिनी, रेघ त्याची बरोबर होती. मी बाहेर कापलं."

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "गोत्तु भाऊजी. माहीत आहे मला. त्या दिवशी येलवालहून आले तेव्हाच बोलले."

"मग मला का नाही...?"

"नको म्हणाले. पांडूला कळलं तर तो हातात हत्यार धरणार नाही, त्याचं पोट आहे त्याच्यावर, म्हणाले. दोनदा लिहायला बसले होते. होगली बिडो म्हणून उठले."

"पण नरसीपूरला जाताना मी एवढं बोललो. तुम्ही ऐकत होता."

त्यांनी हातातल्या शर्टाची कॉलर सरळ केली. आवाज चढवला नाही. "ऐकत होते की. त्या दिवशीच ठरवलं, डबी द्यायची." मग त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक विचारू का भाऊजी? ह्यांनी सांगितलं नाही ते नाही. पण ब्लॉक अकरा महिने तुमच्याच शेडमध्ये होता ना? तुम्ही मोजून का नाही बघितलं?"

चहा ठेवते म्हणाल्या, तर नको म्हणून उठलो.

परत येलवालला आलो. कागद तिसऱ्या खाचेवर धरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रेघ राघूची बरोबर होती. मी बाहेर कापलं.' कुणी हसलं नाही. वेल्डर चहाचे दोन ग्लास घेऊन आला आणि सवयीने ठेवायला फळी शोधू लागला. ती मी सकाळीच भिंतीला टेकवून ठेवली होती. लोकांचं लोखंड मोजून देणं हा माझा धंदा आहे, राघू. अकरा महिने मी रोज त्या फळीवर चहा पीत होतो आणि ती कधी उचलली नाही.